अठरा तासांच्या पलीकडचे बाबासाहेब

एप्रिल महिना आला की बुद्धविहारांत, वसतिगृहांत आणि महाविद्यालयांत अठरा तास सलग अभ्यासाचे उपक्रम होतात. महामानवाला अभिवादन करण्याचा हा मार्ग डीजेच्या दणदणाटापेक्षा शतपटीने चांगला आहे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, एवढे एकच वाक्य आपण आपल्या मुलांच्या माथी मारतो आणि थांबतो. ज्या मुलाच्या घरी अठरा तास वीज टिकत नाही, ज्या मुलीचे चार तास रोजच्या येण्याजाण्यातच जातात, तिच्या मनावर या वाक्याचा काय परिणाम होतो याचा विचार आपण केला आहे काय? प्रेरणा देण्याऐवजी हे वाक्य तिला अपराधी करून सोडते. बाबासाहेब एवढे करू शकले आणि आपल्याला का जमत नाही, हा प्रश्न ती कुणाला विचारत नाही, रात्री एकटीच स्वतःला विचारते.

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. उरलेल्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शहापूर आणि मुरबाड हे दोन मोठे डोंगराळ तालुके आहेत. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी शहापूरच्या अंगावरून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. टोकावडे, धसई, म्हसा या भागातल्या विद्यार्थ्याला एसटी नाहीतर जीप गाठावी लागते. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगावची मुले पहाटेच्या लोकलने कल्याण, ठाण्याला जातात. शहापूरला सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आहे, मुरबाड तालुक्यात शिवळे येथे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आहे. आजूबाजूच्या कितीतरी घरांतली पहिली पदवी अशा महाविद्यालयांमुळे आली. या मुलांत बौद्ध आहेत, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली आहेत, कुणबी आणि आगरी आहेत. आषाढात भाताची आवणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू झाली की वर्गातली बाके रिकामी होतात. कुणाचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, कुणी स्वतः भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करून सकाळी वर्गात येऊन बसतो. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतो. सत्र परीक्षेत दोन विषय राहिले की एटीकेटी हा शब्द त्याच्या कपाळावर गोंदल्यासारखा होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरलेला असतो, पैसे कधी येतील ते कुणी सांगत नाही.

यालाच आजकाल ताणतणाव म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणून बाजारात सकारात्मक विचारांची पुस्तके आणि व्याख्याने धो धो वाहत आहेत. आरशासमोर उभे राहा, हसा, मी जिंकणारच असे म्हणा, सगळे ठीक होईल! आमचा या उपदेशाला एकच आक्षेप आहे. तो सगळा दोष मुलाच्या मनावर टाकतो. एसटी वेळेवर येत नाही, वसतिगृहात जागा नाही, वर्गात आडनाव विचारले जाते, या गोष्टी जणू घडतच नाहीत! सकारात्मक राहणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणे नव्हे. ते काय असते हे पाहायचे असेल तर विद्यार्थी भीमराव आंबेडकरांचे चरित्र पुन्हा एकदा, अठरा तासांचे वाक्य बाजूला ठेवून, वाचले पाहिजे. ते वाचताना आम्हाला दिसते ते असे की हा विद्यार्थी अनेकदा अडला, अनेकदा मोडला, एकदा तर नापसंतीचा शेरा घेऊन परतला. आणि दरवेळी जेव्हा तो उठला तेव्हा त्याच्या जिद्दीबरोबर कुणाचा ना कुणाचा हात होता.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. पाच वर्षांचे असताना आई भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी सांभाळ केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव घातले गेले. वर्गात बसायला घरून नेलेले गोणपाट. नळाला हात लावायची मनाई, शिपाई आला तर पाणी, नाहीतर तहान. अशा शाळेत कोणत्या मुलाचे मन रमेल? भीमाचेही रमले नाही. अभ्यासापेक्षा बागकामात, शेळ्या राखण्यात त्याला गोडी वाटे. मुंबईच्या गिरणीत काम मिळते असे ऐकल्यावर त्याने पळून जायचे ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेचा बटवा रात्री चोरायचा बेत केला. काही रात्री प्रयत्न फसला. अखेर बटवा हाती लागला तेव्हा त्यात निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने मुलाला लाज वाटली, घरातली गरिबी कळली, आणि त्याने शिकून आपल्या पायावर उभे राहायचे ठरवले. कॉलेज सोडून कुठेतरी कामाला निघून जावे असे ज्याला आज वाटते त्याने हे लक्षात ठेवावे. शाळा सोडण्याचा विचार बाबासाहेबांच्याही मनात आला होता.

पुढे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. त्यातच चूल, सरपण, जाते आणि शेळी. रामजीबाबा मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या जागेवर आपण आडवे होत. जागा एकाच माणसाची होती, म्हणून बापलेकांनी रात्र वाटून घेतली. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. आम्ही तिच्यात आणखी एक गोष्ट पाहतो. भीमा रात्री दोनला उठायचा, पण त्याआधी त्याची झोप झालेली असायची. ती झोप व्हावी म्हणून बाप जागायचा. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तेव्हा रामजीबाबांनी लग्न झालेल्या लेकींकडे हात पसरला, त्यांचे दागिने गहाण पडले. म्हणजे पहिला अठरा तासांचा हिशेब एका विद्यार्थ्याचा नव्हता, एका कुटुंबाचा होता.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची नजर या मुलावर गेली. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली, कसे वाचावे ते सांगितले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. आजच्या भाषेत साडेसदतीस टक्के! आज एखाद्या मुलाने एवढे गुण आणले तर शेजारीपाजारी त्याची काय संभावना करतील ते सांगायला नको. पण समाजाने त्या २८२ गुणांचा सत्कार केला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती ठेवले. त्या पुस्तकाची वाट पुढे १९५६ च्या दीक्षाभूमीपर्यंत गेली, हे आपण सारे जाणतो. साडेसदतीस टक्क्यांच्या मुलात कोण दडलेले आहे ते गुणपत्रिका सांगत नाही. ते ओळखायला एक केळुसकर लागतो.

कॉलेजचे शिक्षण पैशाअभावी थांबायची वेळ आली तेव्हा केळुसकर गुरुजीच त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडे घेऊन गेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजमध्ये प्रोफेसर मुल्लर पुस्तके देत, कपडेही देत. आणि त्याच कॉलेजचा उपाहारगृहवाला या विद्यार्थ्याला चहा पाणी द्यायला तयार नसे. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत घडत होत्या. भीमरावांनी उपाहारगृहवाल्याचा अपमान विसरला नाही आणि मुल्लरांच्या मदतीला नाही म्हटले नाही. मन शाबूत ठेवण्याची ही रीत आम्हाला फार मोलाची वाटते. अन्याय आहे तो अन्याय म्हणून ओळखायचा, पण सगळे जग आपले शत्रू आहे असे मानून पुढे आलेला हात झिडकारायचा नाही.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. पोचायला उशीर झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबांनी प्राण सोडला. ज्याने रात्री जागून मुलाला झोपू दिले तो बाप गेला. त्यानंतर चारच महिन्यांनी, जून महिन्यात, बडोदे संस्थानाच्या करारावर सही करून भीमराव अमेरिकेला निघाले. मनात दुःख होते, मागे पत्नी रमाई आणि तान्हा यशवंत होता, महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि त्यातूनच घरी पैसे पाठवायचे होते.

न्यूयॉर्कला पोचल्याबरोबर ते ग्रंथालयात जाऊन बसले असे कुणी समजू नये. पहिले काही महिने वसतिगृह बदलण्यात, मित्रांत, खेळांत, फिरण्यात गेले. जन्मात पहिल्यांदाच कुणी जात विचारत नव्हते, एका टेबलावर सगळ्यांबरोबर जेवायला मिळत होते. बावीस वर्षांच्या तरुणाचे मन त्यात रमले तर नवल ते काय! मग एके दिवशी घरची परिस्थिती आणि आपण कशासाठी आलो आहोत याचा विचार मनात आला आणि त्यांनी अभ्यासाला जुंपून घेतले. अठरा तास आले ते इथून. गेलेल्या महिन्यांचा शोक करीत ते बसले नाहीत. पुढे एकट्या अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम त्यांनी केले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पहिले सत्र वाया गेले म्हणून वर्ष बुडाले असे समजणाऱ्या विद्यार्थ्याने कोलंबियातले हे पहिले महिने अवश्य आठवावेत. याच कोलंबियात त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. या नावाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

१९१६ साली ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी प्रवेश घेतला. वर्ष भरते न भरते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावले. अभ्यास अर्धा. विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन पुरा करण्याची परवानगी मिळवून ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईला आले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या जहाजाने पाठवलेले सामान आणि पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात जहाजासह समुद्रात गेली. ज्याने पोटाला चिमटा काढून पुस्तके जमवली त्याचे काय झाले असेल! त्यानंतर बडोदे. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत, प्यायला पाणी मिळत नसे, राहायला जागा नव्हती. नाव लपवून पारशी पथिकाश्रमात आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि आठवड्याची मुदतही न देता बाहेर काढले गेले. मित्रांच्या घरी विचारणा केली, तिथेही सोय झाली नाही. कोलंबियाचा एम. ए. झालेला हा विद्वान मुंबईची गाडी येईपर्यंत बागेतल्या झाडाखाली जाऊन बसला. आज त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. परंतु तिथे संकल्पाआधी अश्रू होते. या प्रसंगाची आठवण अठरा वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी आणते, असे बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. ज्याने उभा समाज पेलला त्याला आपले रडणे लिहून ठेवायला लाज वाटली नाही. मग आपल्या मुलांना मर्दाने रडायचे नसते असे आपण कोणत्या तोंडाने शिकवतो?

मुंबईत परतल्यावर त्यांनी शिकवण्या घेतल्या, शेअरविषयक सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तो जात कळताच बसला. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांचे पाण्याच्या माठाला हात लावणे खपले नाही. पण या दीड वर्षात त्यांनी एक साधी गोष्ट केली. लंडनचे चार वर्षांचे घड्याळ चालू आहे हे विसरले नाहीत आणि पगारातून पैसे बाजूला टाकत गेले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, जानेवारी १९२० मध्ये मूकनायक निघाला, मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा नवल भथेनांकडून पाच हजार रुपये उसने घेतले होते. बाबासाहेबांनी मागितले आणि मित्राने दिले. कुणाकडे मागितल्याने ते लहान झाले नाहीत.

लंडनचे हाल सर्वांना ठाऊक आहेत. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भुकेला मित्राने दिलेले पापड. इकडे परळच्या चाळीत रमाई संसाराचा गाडा ओढत होत्या. त्या पापडांचे आपण फार कौतुक करतो. आम्ही मात्र आमच्या मुलांना सांगू की उपाशी राहणे हा आदर्श नाही, ती त्या काळची लाचारी होती. त्या उपासमारीची आणि जागरणांची किंमत त्यांच्या शरीराने उतारवयात मोजली. आपल्या मुलांवर ती पाळी येऊ नये म्हणूनच तर त्यांनी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांसाठी आयुष्य वेचले.

१९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी डी. एस्सी.साठी सादर केला. आणि १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो परत केला! पुन्हा लिहा, असा निर्णय झाला. हातातले पैसे संपलेले, वय बत्तिशीला टेकलेले. आजचा विद्यार्थी या ठिकाणी काय करील? बाबासाहेब एप्रिलमध्ये मुंबईला परतले आणि त्यांनी प्रबंध नव्याने लिहिला. लक्षात घ्या, त्यांनी आपले निष्कर्ष सोडले नाहीत, मांडणी बदलली. ऑगस्टमध्ये तो परत लंडनला गेला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी मिळाली. प्रबंध परत आल्याचा तो मार्च आणि पदवीचा तो नोव्हेंबर, यांमध्ये आठ महिने आहेत. एटीकेटीची पुढची परीक्षा याहून कमी अंतरावर असते! दरम्यान वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. तेव्हा कोण धावले? पुन्हा नवल भथेनाच.

शिक्षण संपले म्हणून दुःख संपले नाही. पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत वाचला. १९२६ च्या जुलैमध्ये लाडका राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब पार खचले. त्यांनी कोल्हापूरचे सहकारी दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपल्या मनाची उद्ध्वस्त अवस्था उघड केली. त्यात कुठलाही आव नव्हता. ते पत्र लिहिणारा माणूस पुढच्याच वर्षी महाडच्या चवदार तळ्यावर उभा राहिला. १९३५ च्या मे महिन्यात रमाई गेल्या तेव्हाही त्यांनी स्वतःला कोंडून घेतले, शोक केला, आणि त्याच वर्षी येवल्याची घोषणा झाली. पुढच्या आयुष्यात त्यांनी बागेत मन रमवले, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले. कामाच्या डोंगराखालीही मनाला विसाव्याची जागा लागते हे त्यांना कळत होते. चोवीस तास चळवळ करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनीही याची नोंद घ्यावी.

स्वतः जे भोगले त्याच्यावर त्यांनी भाषण देऊन भागवले नाही, संस्था उभ्या केल्या. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि ४ जानेवारी १९२५ ला सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय. तिथे नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याचा ताण कमी करायचा तर वेळापत्रक बदला, राहण्याजेवणाची सोय करा, पुस्तक द्या, असे सांगणारा हा शिक्षणतज्ज्ञ होता. मन खंबीर करा एवढेच सांगून त्याने हात झटकले नाहीत.

आता आपल्याकडे या. शहापूर आणि मुरबाडमध्ये केळुसकर कोण होणार? नवल भथेना कोण होणार? चळवळीने स्वतःला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण त्याचे उत्तर न मिळाल्याची किंमत आपण मोजली आहे. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला, मुंबईत डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेली, आयआयटी मुंबईतला दर्शन सोळंकी फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला. आपण मोर्चे काढले, ते काढलेच पाहिजेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच भेदभावाविरुद्ध नियम केले, प्रत्येक महाविद्यालयात समान संधी कक्ष हवा असे त्यात लिहिले. आपल्या भागात तो कक्ष कुठल्या खोलीत आहे हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे. पण मोर्चा निघतो तो मूल गेल्यानंतर. मूल असताना त्याच्याशी बोलणारा माणूस हवा. यातला कुठलाही मृत्यू हा मार्ग नव्हता, पराक्रमही नव्हता. ते आपल्या सर्वांचे नुकसान होते.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. आसनगाव, खर्डी, सरळगाव, टोकावडे या भागातल्या विहारांत संध्याकाळी एक दिवा, दोन टेबले आणि थोडी पुस्तके ठेवली तर अभ्यासिका होते. नोकरीला लागलेल्या प्रत्येकाने गावातल्या एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज आपल्या अंगावर घ्यावा, महाडीबीटीवर तो कुठे अडला ते पाहावे. वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे, शहापूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. ही माहिती पाड्यावर पोचवणे हेही जयंतीइतकेच अभिवादन आहे. आणि एप्रिलमधला अठरा तासांचा उपक्रम जरूर करा, पण त्यातला एक तास पुस्तके मिटून मुलांना बोलते करा. कुणाला काय छळते ते ऐका. उपदेश करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला आम्ही एवढेच सांगू. लोकलमधला अर्धा तास हाही अभ्यासाचा तास आहे, पण परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप चोरू नका. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, पुस्तक उघडले की छाती धडधडत असेल, आठवडेच्या आठवडे मन कशातच लागत नसेल, तर तो तुमचा नाकर्तेपणा नाही. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो तसेच इथेही जायचे. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट आहे, मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटू लागले तर एका क्षणाचीही वाट पाहू नका, त्या क्रमांकावर किंवा जवळच्या माणसाशी बोला. वर्गात जातीवरून कुणी टोमणा मारला तर तो गिळू नका. तारखेसह लिहून ठेवा, मित्राला सांगा, शिक्षकाला सांगा, तक्रार करा. बाबासाहेबांनीही आपले अपमान लिहून ठेवले, म्हणून ते एकट्याचे दुःख न राहता समाजाचा दस्तऐवज झाले.

आणि ज्यांनी नोकऱ्या मिळवल्या, घरे बांधली, जयंतीला मोठ्या वर्गण्या दिल्या, त्या आमच्या बांधवांना एकच विनंती. भीमरावांच्या वाट्याला आलेले झाड बागेतले होते, त्याखाली ते एकटे बसले होते. आपल्या गावच्या मुलाला तसे एकटे बसायची वेळ आली तर समाज म्हणून आपण कमी पडलो असे समजावे. उद्या सकाळी त्या मुलाकडे जा. अभ्यास किती झाला हे नंतर विचारा, जेवलास का हे आधी विचारा.

जयभीम!